पर्मनंट नोकरीसाठी अर्धा एकर बाग विकू का?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. अडीच एकर बाग आहे. थोरली मुलगी दिली. धाकटा मुलगा २६ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर, २०२१ साली पास झाला. चाकणला एका कंपनीत कंत्राटदारामार्फत १४ महिने होता, हातात साडेपंधरा हजार यायचे. कंत्राट संपलं, घरी पाठवला. तेव्हापासून तीन वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. खोली, मेस, अभ्यासिका मिळून महिन्याला ९ हजार पाठवतो. दोनदा पूर्वपरीक्षा निघाली, पुढं गाडी अडली. आता ओळखीतल्या एकानं सांगितलंय, एका शिक्षण संस्थेत क्लार्कची पर्मनंट जागा आहे, १२ लाख द्यावे लागतील, त्यातले २ दिवाळीच्या आत. अर्धा एकर विकल्याशिवाय एवढे पैसे उभे राहत नाहीत. मंडळी म्हणतात, देऊन टाका, पोराचं लग्न तरी होईल. कुठल्याही स्थळाकडं गेलं की पहिला प्रश्न, पर्मनंट आहे का? पोरगा वाईट नाही. उन्हाळ्यात आला होता तेव्हा आमचा औषध फवारायचा ब्लोअर त्यानंच दुरुस्त केला, दुकानदारानं १८ हजार सांगितले होते. पण गावात राहायला तयार नाही. पेपरात रोज वाचतो, देशाची अर्थव्यवस्था जगात पहिल्या पाचांत आली. मग माझ्या पोराला नोकरी का नाही? आणि बाग विकू का नको, तेवढं सांगा.

एक बाप

दादा, नमस्कार.

दिवाळी तोंडावर आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बाग विकू नका. १२ लाख देऊ नका आणि २ लाखही देऊ नका. जमिनीचा इसार घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर समोरच्याला हात जोडून परत करा, थोडं नुकसान झालं तरी सोसा.

मी सांगलीत बँकेच्या कर्ज खात्यात २८ वर्षं काढली. तुमच्यासारखी कितीतरी माणसं माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून गेली. अर्जात कर्जाचं कारण 'पाइपलाइन' नाहीतर 'घरदुरुस्ती' लिहिलेलं असायचं आणि सही करताना माणूस हळूच सांगायचा, 'मॅडम, पोराच्या नोकरीचं आहे.' त्यांतली किती पोरं खरोखर कामाला लागली आणि किती घरं नुसतीच हप्ते फेडत बसली, हे मी त्याच खुर्चीवरून बघितलंय. आणि बाहेरचं कशाला, घरातलंच सांगते.

१९९८ साली आमच्या वडिलांनी विहिरीलगतचा पाऊण एकर विकला आणि माझ्या धाकट्या भावासाठी एका संस्थेत पैसे भरले. भाऊ बी.एड. होता, शिकवायचा छान. पावती मिळाली ती देणगीची, आणि तीही दिलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्श्याची. शाळा विनाअनुदानित. 'पुढच्या वर्षी अनुदान येतंय' हे वाक्य त्यानं १८ वर्षं ऐकलं. दिवसभर शाळेत शिकवायचा आणि पहाटे व संध्याकाळी दूध केंद्रावर फॅट लावायचा. वर्गातल्या मुलांचे बाप दूध घालायला यायचे, तेव्हा तो वहीत मान घालून बसायचा. २०१६ साली २० टक्के अनुदान आलं. वडील त्याआधीच गेले. त्या पाऊण एकरात आज दुसऱ्याचा ऊस उभा असतो आणि भाऊ त्या रस्त्यानं जात नाही, लांबून वळसा घालून जातो.

तुमच्या ओळखीच्या माणसाला तीन प्रश्न विचारा. ही जागा शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे सरकारनं मंजूर केलेल्या पदांत, बसते का? मुलाच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता कोण आणणार आणि कधी? आणि सरकारी पगाराच्या यादीतला नंबर, म्हणजे शालार्थ आयडी, निघून सरकारी पगार सुरू होईपर्यंत मुलाला पैसे कोण देणार? या तिन्हींवर तो 'ते सगळं होतंय, तुम्ही काळजी करू नका' असं म्हणाला, तर समजा की त्याच्याकडं जागा नाही, फक्त तुमच्या पैशांची गरज आहे. फार तर सांगेल, मान्यता येईपर्यंत संस्था पाच-सहा हजार मानधन देईल. आता माझ्या धंद्यातला हिशेब सांगते. १२ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ८४ हजार, म्हणजे महिन्याला ७ हजार व्याज येतं. मुद्दल जागेवर राहतं. म्हणजे तुम्ही पोराला स्वतःच्याच पैशांच्या व्याजापेक्षा कमी पगारावर ठेवायला निघालात, आणि मुद्दल घालवून. पैसे बुडाले तर दाद मागणंही अवघड. लाच घेणं जसा गुन्हा, तसं देणंही गुन्हाच. कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीपासून त्यात शंकेला जागा उरलेली नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न. तो मला फार खरा वाटला, कारण तो विचारणारे तुम्ही एकटे नाही.

पेपर खोटं सांगत नाहीत. देश वाढतोय. त्या वेळच्या सरकारी आकड्यांप्रमाणं २०२४-२५ मध्ये साडेसहा टक्क्यांनी वाढला, आणि एवढ्या वेगानं वाढणारे मोठे देश जगात कमीच आहेत. पण वाढ मोजतात ती किमतीत. वर्षभरात देशात जे पिकलं, बनलं, विकलं गेलं, त्याची एकूण किंमत महागाई वगळून किती वाढली ते त्या आकड्यात येतं. ते किती हातांनी केलं, हे त्यात येत नाही. आपल्याकडच्या साखर कारखान्यांचंच बघा. कर्जाच्या तपासणीसाठी मी पहिल्यांदा गेले तेव्हा बॉयलरपासून पॅनपर्यंत पाळीला माणसंच माणसं दिसायची, व्हॉल्व्ह हातानं फिरवायची. निवृत्तीच्या आधी त्याच कारखान्यात गेले तर कंट्रोल रूममध्ये दोन पोरं स्क्रीनकडं बघत बसली होती. गाळप वाढलेलं, साखर वाढलेली, वीज विकून वरती उत्पन्न, आणि हजेरीपट मात्र निम्म्यावर आलेला. देशाच्या खात्यात ती वाढच लागते.

दुसरी गोष्ट वाटणीची. सरकारच्याच २०२३-२४ च्या श्रमबळ सर्वेक्षणाप्रमाणं देशात काम करणारी १०० माणसं धरली तर ४६ शेतीत आहेत. आणि देशाच्या १०० रुपयांच्या उत्पन्नातले शेतीतून येतात साधारण १८. एवढ्या माणसांत एवढेच पैसे वाटले गेल्यावर अडीच एकरवाल्याच्या पोराला गावात का राहावंसं वाटत नाही, ते वेगळं सांगायला नको. त्यातही वाईट वाटतं ते असं, की २०१८-१९ मध्ये हा आकडा साडेबेचाळीसच्या आसपास उतरला होता. करोनात पोरं बोचकी घेऊन गावाकडं आली, आकडा वर गेला आणि २०२३-२४ पर्यंत तरी पुन्हा तिथवर उतरला नव्हता.

जे देश गरिबीतून वर आले, ते बहुतेक कारखान्यांच्या वाटेनं आले. जपान, दक्षिण कोरिया, चीन, सगळ्यांनी शेतातली माणसं आधी कारखान्यात नेली. शेजारच्या बांगलादेशात कपडे शिवण्याच्या एका धंद्यात सुमारे ४० लाख माणसं आहेत, त्यांत बायका जास्त, आणि देशाच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून जास्त वाटा त्या शिलाईचा. त्यात धोकाही आहे, एकाच धंद्यावर देश टांगलेला. पण आठवी-दहावी शिकलेल्या पोरीला महिन्याचा पगार मिळाला तो तिथं. आपण ती पायरी अर्धवट सोडून शेतातून एकदम बँका, सॉफ्टवेअर, टेलिफोन, विमा अशा सेवांवर उडी मारली. देशाच्या निम्म्याहून जास्त उत्पन्न आज तिथून येतं. पण देशातला सगळा आयटी उद्योग मिळून माणसं ५५ ते ६० लाख. काम करणाऱ्या शंभरांत एकसुद्धा पूर्ण भरत नाही. तुमच्या गावातला एखादा मुलगा हिंजवडीत लागला की सगळ्या गावाला वाटतं, ती वाट सगळ्यांसाठी आहे.

आणि जे कारखाने उभे राहिले तिथंही दर १० कामगारांमागे ४ कंत्राटी आहेत. मालाची मागणी वाढली की घ्यायचे, कमी झाली की सोडायचे. तुमच्या मुलाला १४ महिन्यांनी घरी पाठवलं ते याच रीतीनं. त्यात त्याच्या कामाचा दोष शोधू नका. त्यानं स्वतः शोधला असेल, आणि मला वाटतं शोधलाच असेल. तीन वर्षं अभ्यासिकेत बसण्याचं एक कारण तेही असू शकतं.

'पर्मनंट'चंही तेच. त्याच सर्वेक्षणात महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो असे लोक १०० कामकऱ्यांत २२, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त, ५८ टक्के लोकांकडं नोकरीचा लेखी करार नाही. हिशेब केला तर शंभरांत नऊ-दहा उरतात. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांवर. एका जागेला शंभर पोरं पहाटे उठून धावत होती. उरलेली नव्व्याण्णव नालायक होती असं म्हणायची माझी तरी हिंमत होत नाही.

स्थळांचं तुम्ही लिहिलंय ते मला ठाऊक आहे, माझ्या नात्यातही तेच चाललंय. मुलीच्या बापाला दोष देऊ नका, त्यानं द्राक्षाचं एक साल अवकाळीत गेलेलं बघितलंय. त्याला पोरीच्या घरी दर महिन्याला पैसे आलेले हवे आहेत. 'पर्मनंट' हा त्यासाठी त्याला सापडलेला एक शब्द. पण शाळेत मानधनावर असलेल्या क्लार्कपेक्षा महिन्याला २५ हजार हिशेबानं दाखवणारा मुलगा पुढच्या दोन वर्षांत जास्त स्थळं बघेल. मी कर्जासाठी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागायचे. हल्ली काही मुलींचे बाप तीच मागतात, आणि मला ते चांगलं लक्षण वाटतं. दुसरं म्हणजे, तुम्ही १२ लाख देऊन लग्न लावलं आणि मान्यता आली नाही, तर फसवणूक दोन घरांची होईल. त्या मुलीचाही विचार करा.

आता आपल्या भागाकडं येते, कारण देशाच्या सरासरीत तुमचा तालुका बसत नाही. सांगलीत हळदीचा बाजार केवढा, पण हळद पिकते कुठं? आज महाराष्ट्रातली जास्त हळद हिंगोली-नांदेडकडं. कर्नाटकातून, तेलंगणातून गाड्या येतात त्या वेगळ्या. तरी सौदा सांगलीत होतो, कारण पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, साठवण्यापासून पॉलिशपर्यंत आणि प्रतीपासून उधारीपर्यंत सगळं जाणणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथं तयार झाली. पैसा त्या जाणकारीच्या मागं आला.

किर्लोस्करवाडीचं तुम्ही लहानपणापासून ऐकलं असेल. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर आले, तेव्हा तिथं निवडुंगाशिवाय काही नव्हतं. माल कोणता, तर लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणायचे, सुरुवातीचे नांगर कितीतरी दिवस खपले नाहीत. पण शेतात काय अडतंय ते बघून त्यांनी वस्तू केली, आणि त्या माळावर रेल्वे स्टेशनासकट गाव उभं राहिलं. वसंतदादांच्या पिढीनं साखरेत तेच केलं. ऊस कच्चा विकला असता तर सांगलीत ना दवाखाने वाढले असते ना कॉलेजं.

बेदाण्याचा धंदा मी जवळून बघितला, कारण शेडची बरीच कर्जं माझ्या टेबलावरून गेली. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण तुम्ही माल कोल्ड स्टोरेजला लावून सौद्याची पट्टी घेतली की तुमचं काम संपतं. त्यापुढं काय होतं ते एकदा मुलाला घेऊन बघा. मी एका प्रोसेसिंगवाल्याकडं गेले होते. बेदाणा पट्ट्यावरून सरकत येतो, कॅमेरा काळा दाणा हेरतो आणि बारक्या नळीतून हवेची फुंकर बसून तेवढाच दाणा बाजूला उडतो. डोळ्यांचं पातं लवायच्या आत. खाली बाया बसलेल्या, मशीनमधून सुटलेल्या काड्या वेचत. मालक म्हणाला, 'मॅडम, हे बंद पडलं की बाहेरून माणूस येईपर्यंत दोन दिवस माल तटतो, आणि बायांची हजेरी तर द्यावीच लागते.' तासगाव, सांगली, कुपवाड, मिरज या पट्ट्यात बेदाण्याची किती कोल्ड स्टोरेज आहेत, ते तुम्ही रस्त्यानं जाताना बघता. प्रत्येकात कॉम्प्रेसर आहेत, रात्री-अपरात्री बंद पडतात, आणि ते नीट समजणारा माणूस मिळत नाही म्हणून मालक एकमेकांचे ऑपरेटर पळवतात. बाहेर इंजिनिअर बेकार फिरताहेत आणि आत मशीन जाणणारा माणूस मिळत नाही, हे दोन्ही एकाच तालुक्यात, एकाच वेळी खरं आहे. माझा राग यावरच आहे. आपण पोरांना चार वर्षं इंजिनिअरिंग शिकवतो आणि त्यांच्या हातात एकदा बेअरिंग द्यायला विसरतो.

म्हणून तुमच्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. ब्लोअर दुरुस्त केला, दुकानदारानं १८ हजार सांगितले होते. तुम्ही ती सहज लिहून गेलात. मला राहवलं नाही, म्हणून तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन केला, तेव्हा तुम्ही सांगितलंत ते इथं लिहिते, बाकी वाचकांनाही कळू दे. ब्लोअर चालू केला की थरथरायचा, दर हंगामात बेअरिंग जायचं, तुम्ही ते बदलत राहिलात. मुलानं बेअरिंगला हात लावण्याआधी पंख्याची पाती सोडवली, तासगावला ओळखीच्या सोनाराकडं नेऊन काट्यावर एकेक तोलली. एक पातं बाकीच्यांपेक्षा जड निघालं. ते घासून बरोबरीला आणलं, मग नवं बेअरिंग बसवलं. नंतर शेजारच्या दोघांचे ब्लोअर त्यानं तसेच करून दिले.

दादा, ही इंजिनिअरिंगच आहे. बेअरिंग जातं ते कशानं, हे शोधणं म्हणजेच ती विद्या. दुकानदार बेअरिंग विकत होता, तुमच्या मुलानं दुखणं शोधलं. एवढं डोकं असलेला पोरगा संस्थेच्या कचेरीत दाखले लिहीत बसवायला तुम्ही अर्धा एकर विकताय.

आता पुढं काय करायचं ते. हा रस्ता मुलानं मान्य केला तरच चालेल, तुम्ही ठरवून तो चालणार नाही.

आधी परीक्षेचं. 'अभ्यास सोड' असं म्हणू नका. तीन वर्षांत तुमचे सव्वातीन लाख गेले, तो हिशेब त्याच्या तोंडावर मांडू नका, त्याला तुमच्यापेक्षा जास्त पाठ असेल. त्याला विचारा, शेवटची परीक्षा कोणती? तारीख त्यानं सांगायची, कागदावर त्यानंच लिहायची. तोवर पैसे पाठवत राहा. त्या तारखेनंतर खोली सोडायची. मुदत नसलेली तयारी पोराला आतून पोखरते, तुमच्या शेजारपाजारी एकदोघं तशी असतीलच.

मग एक वर्ष दुसऱ्याच्या हाताखाली. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतला एखादा छोटा वर्कशॉप, नाहीतर कोल्ड स्टोरेजचं काम घेणारा एखादा जुना ठेकेदार. मोठी कंपनी मुद्दाम सांगत नाही, कारण चाकणला त्यानं १४ महिने बहुतेक एकाच मशीनवर एकच नट आवळला असेल. छोट्या ठिकाणी ड्रॉइंग वाचण्यापासून गिऱ्हाइकाच्या शिव्या खाण्यापर्यंत सगळं अंगावर पडतं. पगार सुरुवातीला १२ ते १५ हजार मिळेल, त्यात नाराज होऊ नका. पुण्याला जाणारे ९ हजार वाचले, ते त्यात धरा. राज्य सरकारनं २०२४ मध्ये कार्य प्रशिक्षणाची योजना सुरू केली, त्यात पदवीधराला महिना १० हजार विद्यावेतन ठरवलं होतं. चालू असेल तर जरूर घ्यावी, पण मुदत संपल्यावर कायम करतील या आशेवर नको. ज्यांनी ती आशा धरली त्यांच्या पदरी निराशा आली.

खानापूर तालुक्यातल्या, विट्याकडच्या गलाईवाल्यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. दुष्काळानं बाहेर पडलेली ही माणसं आज देशभर गलाईत, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात, आहेत, दक्षिणेतल्या छोट्या शहरातही सराफ कट्ट्याच्या मागं गेलं की मराठी कानावर पडतं. त्यांच्यातला एकही पोरगा पहिल्या दिवशी दुकान टाकत नव्हता. गावच्याच कुणाच्या भट्टीसमोर काही वर्षं बसायचा, आम्लाच्या वासात हात भाजून घ्यायचा, मग स्वतःचं टाकायचा. त्यांच्याकडं इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, तुमच्या मुलाकडं ती आहे.

वर्षानंतर स्वतःचं काही करावंसं वाटलं तर कर्जाचा विचार, आधी मुळीच नाही. मी आयुष्यभर कर्ज वाटलं म्हणून सांगते, काम शिकायच्या आधी घेतलेलं कर्ज बुडतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०२५-२६ पर्यंतच्या नियमांप्रमाणं उत्पादनाच्या उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसत होता, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटांना ३५ टक्के अनुदान होतं. पण ते अनुदान हातात येत नाही. बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षं अडकून राहतं आणि धंदा चालू असेल तरच कर्जात वळतं. 'सबसिडी काढून देतो' म्हणून १० टक्के मागणारे एजंट आमच्या दारातच उभे असायचे. त्यांना एक रुपया देऊ नका, अर्ज मुलानं स्वतः ऑनलाइन भरावा. बेदाणा प्रक्रियेत उतरायचं असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत २०२५-२६ पर्यंतच्या नियमांप्रमाणं ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत मदत मिळत होती. पण प्रक्रियेत भांडवल मालात अडकतं, भाव पडला की झोप उडते. तुमच्या मुलाला मी दुरुस्तीचंच सांगेन. दुरुस्तीवाल्याकडं माल पडून राहत नाही आणि बाजार पडला तरी ब्लोअर बंद पडायचा थांबत नाही.

ही वाट सोपी आहे असं मी म्हणत नाही. उधारी बुडेल. फवारणीच्या दिवसांत रात्रभर काम आणि पावसाळ्यात दोन महिने हात रिकामे, असं पहिली दोन वर्षं चालेल. गावात काही लोक म्हणतील, इंजिनिअर होऊन पाने चालवतोय. तेव्हा तुम्ही कसे वागता यावर बरंच ठरेल. त्यानं गावात राहायला नाही म्हटलं त्याचं कारणही मला हेच दिसतं. तो आल्यावर पाहुण्यांना तुम्ही काय सांगता? 'सध्या अभ्यास चाललाय' असं जर तुम्ही मान वळवून सांगत असाल, तर पोराला ती वळलेली मान दिसते.

सरकारनं काय करावं, कंत्राटी पद्धतीला लगाम घालावा, आपल्या तालुक्यात प्रक्रियेचे कारखाने आणावेत, आयटीआयमध्ये जुनी मशीनं बदलावीत, हे सगळं मागायलाच हवं, आणि द्राक्ष बागायतदार संघटित आहेत, तुम्ही मागू शकता. पण ते होईतो तुमचा मुलगा तिशीत जाईल.

ऑक्टोबर छाटणी उरकली की एखाद्या दिवशी त्याला घेऊन सांगलीला या. ज्या प्रोसेसिंगवाल्याकडं कॅमेऱ्याचं मशीन बघितलं, त्याला मी विचारून ठेवलंय, तो दाखवायला तयार आहे. मशीन बघून झाल्यावर तुम्ही बाहेर चहाला या आणि त्या दोघांना बोलू द्या.

आणि मंडळींना माझा नमस्कार सांगा. शेजारच्या दोघांचे ब्लोअर त्यानं फुकटच करून दिले, असं तुम्ही फोनवर अभिमानानं सांगितलंत. त्या दोघांकडं जा आणि रीतसर मजुरी मागून आणा. तुमच्या ब्लोअरचीही त्यात घाला, आणि दिवाळीला आला की ते पैसे पहिल्यांदा त्याच्या हातात द्या.